सतराचा फेर

१

फुगडीत गणित कशाला, असं मला लोक विचारतात. मी म्हणते, गणितातच फुगडी आहे, तुम्हाला ती दिसत नसेल तर चष्मा बदला. मी हर्षा. डिचोलीच्या एका हायर सेकंडरीत गणित शिकवते. पोरं मागून मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यात फारसं खोटंही नाही.

आमच्या वाड्यावरचं बायकांचं फुगडीचं पथक सोळा जणींचं. गणेश चवथीच्या आधी पेडण्याला स्पर्धा असते. दर वर्षी आम्ही जायचो आणि दर वर्षी हात हलवत परत यायचो, कारण फेर फिरता फिरता कोण कुठे होती याचा पत्ताच लागायचा नाही. परीक्षक ते बरोबर टिपायचे. म्हणून यंदा देवळामागच्या हॉलमध्ये दुपारची तालीम सुरू झाली तेव्हा मी फळ्यावर एक आकडा लिहिला.

०५८८२३५२९४११७६४७.

"हो कोणाचो फोन नंबर?" प्रभावतीकाकीने विचारलं. काकी आमची पुढारीण. गाणी तिची, ताल तिचा, शिव्याही तिच्याच.

"हा आपला फेर," मी म्हटलं. "सोळा अंक, सोळा जणी. एकाला सतराने भागत बसा, हेच अंक ह्याच क्रमाने फिरत राहतात. शेवट म्हणून येत नाही."

मग मी त्यांना गंमत दाखवली. आकड्याची दुप्पट केली. तेच अंक, तोच क्रम, फक्त सुरुवात अकराव्या बाईपासून. तिप्पट केली, सुरुवात बाराव्या बाईपासून. कितीही पट करा, सोळापर्यंत फेर मोडत नाही, फक्त फिरतो. आणि फेरात समोरासमोर उभ्या असलेल्या कुठल्याही दोघींची बेरीज नऊ. काकीला शून्य दिलं होतं, तिच्या बरोबर समोर मी, माझा नऊ. बायका आपापली समोरची शोधायला लागल्या आणि हॉलमध्ये हशा उसळला.

"आणि सतरान गुणलां तर?" सिद्धीने विचारलं. सिद्धी माझी धाकटी जाऊ, दोडामार्गची. तिला प्रत्येक गोष्टीत शंका काढायची खोड, आणि घरात ती शंका नेहमी माझ्याच स्वयंपाकावर निघायची. तिचा अंक शेवटचा, सात. म्हणजे तिचा डावा हात विनिताच्या हातात आणि उजवा काकीच्या.

"सतराने गुणलं की सगळे नऊ. सोळाच्या सोळा."

"शी," सिद्धी म्हणाली. "मगे मजा ती काय?"

पाऊल टाकताना प्रत्येकीने आपला अंक मोठ्याने म्हणायचा, असं ठरलं. आठवड्याभरात पथक असं बसलं की काकीसुद्धा माझ्या आकड्यांना नावं ठेवायची थांबली.

२

आमच्याकडे एक रीत आहे. उशिरा आलेल्या बाईला फेरात घ्यायचं तर तिच्याकडे बघायचं नाही. फेरातली मोठी बाई आपला एक हात सोडून मागे दाराकडे धरते आणि म्हणते, "ये गो बाय, तुझी जागा आसा." उशीर करणारीला ओशाळं वाटू नये म्हणून. हात हातात पडला की फेर पुढे चालू.

त्या दुपारी पाऊस पत्र्यावर धडाधडा वाजत होता. सगळ्या जमल्या होत्या. काकीने फेर धरला आणि नेहमीप्रमाणे मोजणी केली. बोटाने नाही, मानेने. पंधरा.

"एक कमी रवली," ती म्हणाली. सिद्धीचा हात तिने सोडला, आपला हात मागे धरला आणि दाराकडे न बघता हाक घातली, "ये गो बाय, तुझी जागा आसा."

मी समोरून ओरडणार होते की काकी, तू स्वतःला मोजलंच नाहीस. पण तेवढ्यात काकीची बोटं मिटली. सिद्धीचीही मिटली. फेर सुरू झाला, आणि मला वाटलं की काकीला आपली चूक कळली असावी, म्हणून तिने सिद्धीचाच हात परत धरला. दार मला दिसत होतं. दाराला आतून कडी होती.

फुगडीत वाद्य नसतं. पावलं, टाळ्या, आणि फेर संपताना तोंडाने काढलेला 'फू'. सोळा जणींचा 'फू' एकदम यायला हवा, तो आला. आणि तो संपल्यावर आणखी एक आला. हलका, ओला.

पत्र्याचा प्रतिध्वनी, मी स्वतःला सांगितलं. पत्रा असतो तिथे प्रतिध्वनी असतोच. फक्त इतके दिवस तो कुठे होता, हे मी स्वतःला विचारलं नाही.

३

दुसऱ्या दिवसापासून तालात एक भोक पडलं. शून्य, पाच, आठ, आठ असं सगळं नीट जायचं, शेवटी विनिताचा चार, सिद्धीचा सात, आणि मग काकीच्या शून्याआधी एका पावलाएवढी शांतता. कुणीतरी अंक नसल्यामुळे गप्प राहावं तशी.

"काकी, उशीर करतेस," मी म्हटलं.

"मी नाय. ह्या सिद्धीक सांग. आणि हात कितको थंड गो तुझो! न्हाऊन थेट येतंस काय?"

"माझो?" सिद्धी फणकारली. "थंड तर तुझो हात, काकी. आणि ओलो. माका बोटां सोडवूक येनत नाय."

दोघी भांडायला लागल्या, बाकीच्या हसल्या. मी हसले नाही, कारण मी समोर उभी होते. माझ्या बरोबर समोर काकी असायला हवी. ती नव्हती. माझ्या समोर काकीच्या खांद्यालगतची रिकामी जागा येत होती. मी माझी जागा तपासली, फरशीच्या सांध्यावर पाय ठेवून पाहिला, पण काकी काही समोर येईना. विनिता समोरच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. कुणालाच आपली समोरची सापडत नव्हती.

विषम संख्येच्या गोलात असं होतं. कुणाला समोरचं माणूस मिळत नाही.

मी माणसं मोजली. सोळा. पुन्हा मोजली, स्वतःला धरून, सोळा. मग मला माझ्याच वर्गातली एक गोष्ट आठवली. गोलात जितकी माणसं, तितकेच हातांचे जोड. चेहरे मोजताना डोळा चुकू शकतो, जोड मोजताना बोट ठेवत जायचं. मी फेर फिरता फिरता काकीच्या उजव्या हातापासून जोड मोजत गेले. विनिता आणि सिद्धीचा पंधरावा आला. त्याच्यापुढे सिद्धीचा उजवा हात कशाला तरी धरून होता, आणि त्याच्या वीतभर पुढे काकीचा डावा हात कशाला तरी धरून होता. सिद्धी आणि काकी एकमेकींना धरत नव्हत्या.

सतरा जोड होते.

४

सकाळी सायकलवरच्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंय-पोंय ऐकू आला की पाव आणायला सिद्धी जायची. आम्ही घरात चौघं, त्यातही तिचा नवरा श्रीनाथ मुरगावला बंदरात, शनिवारीच घरी येणारा. सिद्धी नऊ पाव घेऊन आली.

"पाहुणे आहेत का कोणी?"

"नाय, वयनी."

"मग नऊ कशाला?"

तिने पावांकडे पाहिलं. "नऊ," ती म्हणाली, जणू मी तिला ते वाचूनच दाखवायला सांगितलं होतं.

दुपारी भाकऱ्या नऊ. संध्याकाळी तिला फोन उघडता येईना, ती चार वेळा नऊ दाबत राहिली. मी मुद्दाम आमटीत मीठ जास्त टाकलं. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. ती मुकाट्याने जेवली आणि म्हणाली, "बरी जाल्या, वयनी."

ही बाई पाच वर्षं माझ्याशी भांडत होती. लग्न होऊन आली त्या दिवशी तिने माझ्या सोलकढीला नाव ठेवलं होतं, आणि तेव्हापासून मला ती आवडत होती. आता ती खुर्चीवर बसल्या बसल्या उजवा हात थोडा बाहेर धरून ठेवायची. बोटं मिटलेली. मध्ये जागा.

मी तालीम बंद केली. काकी चिडली, मी ऐकलं नाही. तर भर दुपारी सिद्धी घरातून नाहीशी झाली. ती मला हॉलमध्ये सापडली. दोन्ही हात बाजूला पसरून ती एकटीच फेर धरत होती, आणि दर पावलाला म्हणत होती, नऊ, नऊ, नऊ. तिच्या टाचा सोलल्या होत्या. तिचा डावा हात मोकळा होता, तो मी सहज धरला. उजव्या हाताची बोटं मात्र मला आणि नंतर बोलावलेल्या श्रीनाथला मिळूनही उघडता आली नाहीत.

"वयनी, हिका काय जालां?" श्रीनाथ रडवेला झाला होता. डॉक्टरांनी अशक्तपणा सांगितला आणि गोळ्या दिल्या. हिला मी परत आणीन, असं मी श्रीनाथला सांगितलं. कसं ते मला माहीत नव्हतं, पण गणिताच्या शिक्षकाने फळ्यासमोर उभं राहिल्यावर अशी कबुली द्यायची नसते.

५

दुसऱ्या दिवशी तालमीची वेळ झाली आणि मी न बोलावताच सगळ्या हॉलमध्ये येऊन उभ्या होत्या. काकीसुद्धा, सिद्धीसुद्धा. विनिताला मी विचारलं, तुझा अंक? ती म्हणाली, नऊ. पलीकडची म्हणाली, नऊ.

फेर सुरू झाला. माझेही हात दोन्ही बाजूंनी धरले गेले होते. इतकी सुंदर फुगडी मी जन्मात पाहिली नव्हती. एक पाऊल, एक ठेका, एक श्वास. कुणाचा पदर मागे नाही, कुणाची मान वाकडी नाही. सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज येत होता आणि तो आमच्यापैकी कुणाचाच नव्हता.

"नऊ. नऊ. नऊ. नऊ."

"बग गो हर्षा," काकी हसत म्हणाली, पण तिचे डोळे हसत नव्हते. "औंदा पयलो नंबर आमचोच."

सतराने गुणलं की सगळे नऊ. सतरावी फेरात आली आणि सोळा जणींचे आपापले अंक पुसले गेले. मीही त्यांच्याबरोबर नऊ म्हणत होते. माझा अंक मुळातच नऊ. म्हणजे मी अजून मी आहे की मलाही तिने घेतलंय, हे ओळखायचा मला काही मार्ग नव्हता. हा विचार मी फार वेळ केला नाही, कारण केला असता तर किंचाळले असते.

हात सोडून पळावं असं वाटलं. बोटं सैल केलीही. पण तेवढ्यात माझ्या दोन्ही बाजूच्या बायकांचे हात एकमेकींकडे सरकायला लागले, आणि मला कळलं. मी गेले की फेर परत सोळांचा. मग तिची जागा पक्की. मी बोटं परत आवळली.

नऊ, नऊ, नऊ. नवांपुढे काय? माझी पहिली-दुसरीची बाई मला दिसायला लागली, पट्टी घेऊन. नवांत एक मिळवला.

६

बेरीज करायची तर एकक कुठला ते आधी ठरवावं लागतं. गोलाला एकक नसतो. ओळीला असतो. आमच्या ओळीचा एकक सिद्धी होती.

"सिद्धी!" मी ओरडले. "नवांत एक मिळव!"

"नऊ," सिद्धी म्हणाली.

"नवांत एक!"

"नऊ."

मी श्वास घेतला. मग मी माझ्या ठेवणीतल्या आवाजात म्हटलं, जो वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो. "राहू दे. तुला नाही जमायचं. दोडामार्गच्या माणसांना बेरीज कधी आली आहे? तुझ्या बापाने तुला शाळेत घातलं तेच चुकलं!"

तिचं पाऊल अडखळलं. इतक्या सुंदर फेरात ते एकच पाऊल वाकडं पडलं. तिची मान माझ्याकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत हळूहळू एक ओळखीचा संताप भरून आला.

"माझ्या बापाशीचां नाव काढूचां नाय हां, वयनी!" ती कडाडली. "नवांत एक मेळयलो धा! धाचां शून्य! हातचो एक!"

"दे तो विनिताला! आणि हात सोड!"

तिने विनिताचा हात दाबला आणि सोडला. फेर तिथे उघडा पडला. आता सिद्धीला धरून होती ती फक्त तीच, जिला आम्ही बघू शकत नव्हतो. सिद्धी उजव्या बाजूला झुकली. एक पाऊल दाराकडे ओढली गेली.

"विनिता!"

शाळेत पाठ केलेलं माणूस झोपेतसुद्धा म्हणतं. विनिताच्या तोंडून ते आपोआप निघालं. "नवांत एक दहा, दहाचं शून्य, हातचा एक." तिने पुढचीचा हात दाबला आणि आपला सोडला. पुढचीने म्हटलं. तिच्या पुढचीने म्हटलं. एकेकीचं शून्य होत गेलं, आणि शून्य होताच तिचा स्वतःचा आवाज परत यायचा, कुणाचा घोगरा, कुणाचा चिरका. कुणी रडायला लागली, कुणी "आई गो" म्हणत खालीच बसली. सिद्धी ओढली जातच होती. तिची सोललेली टाच फरशीवर घासताना मला ऐकू येत होती.

हातचा माझ्यापर्यंत आला. माझा नऊ माझा स्वतःचा होता, तो सोडायचा होता. मग मी म्हटलं, "शून्य. हातचा एक," आणि पुढे दिला.

पुढच्या सात जणी भराभर सुटल्या. मग राहिली काकी.

उजव्या हातात तिला हातचा मिळाला होता आणि तिचा डावा हात त्या रिकाम्या जागेत गच्च होता. "माका भंय दिसता," ती म्हणाली. "मी सोडल्यार ती माकाच धरीत."

"नाही धरणार. तू शून्य, काकी. शून्यातून कुणी काय नेणार?"

तिने डोळे मिटले. ती पुढारीण होती हे मी मघाशी सांगितलं, पण काय प्रकारची होती ते तेव्हा मला माहीत नव्हतं. तिचा आवाज फुटला आणि मग खणखणीत निघाला.

"धाचां शून्य. गो बाय, तुका मीच हाक मारून आपयल्लंय, न बगता. तुझो दोष नाय. हातचो एक, घे. आता तू एक. तुझ्या तू जा."

तिने आपला हात उघडला.

पाऊस पत्र्यावर थांबला नव्हता, तरी आम्हाला सगळं स्वच्छ ऐकू आलं. सिद्धी आणि काकीच्या मधल्या जागेतून कुणीतरी म्हणालं, "एक."

आवाज कोवळा होता. स्वतःचं नाव पहिल्यांदा म्हणावं तसा.

एक, आणि त्यापुढे सोळा शून्यं. ओळीतल्या पहिल्या अंकाच्या डावीकडे कुणी नसतं. सिद्धी तिच्या डावीकडे होती. तिला सिद्धीचा हात धरून राहता येईना. सिद्धीची बोटं एकेक करून उघडली, ती जमिनीवर आदळली आणि पडल्या पडल्या म्हणाली, "मेल्यानू, कोणी तरी उचला माका!"

मी तिच्याकडे धावले. धावताना एकदाच दाराकडे नजर गेली. कडी तशीच होती. दारापाशी पाठमोरं काहीतरी होतं आणि मग नव्हतं. मला दिसला तो साडीचा काठ, ओला, जमिनीवर लोळणारा. हिरवा, त्यात मोरपंखी धागा. आमच्या स्पर्धेच्या साड्या तशाच होत्या. मीच रंग निवडून पैसे भरले होते, आणि त्या अजून वाळपईच्या दुकानातून यायच्या होत्या.

तिने मान वळवली असती तर चेहरा कुणाचा दिसला असता? मी खाली बघितलं, सिद्धीला छातीशी धरलं, आणि लहान पोरीसारखी मोठमोठ्याने हसत सुटले. सगळ्याच हसल्या. काकीने तर शिवी हासडून टाळी वाजवली. आम्ही तिला हरवलं होतं. सोळा बायकांनी, दुसरीच्या बेरजेने!

७

स्पर्धेला जायचं की नाही यावर वाद झाला नाही. सिद्धीच म्हणाली की जायचंच.

पेडण्याच्या त्या हॉलमध्ये गर्दी मावत नव्हती. आमच्या आधीचं पथक बघून परीक्षक मान डोलवत होते. मग आम्ही गेलो. काकीने गाणं वरच्या पट्टीत धरलं, ते तिला झेपेना. विनिताचा पदर सुटला. आणि तिसऱ्या फेरात, जिथे सगळ्यांनी उजवीकडे वळायचं होतं, सिद्धी छाती काढून, भरल्या आत्मविश्वासाने डावीकडे वळली. विनितावर आदळली. काकीने मंचावरच तिला "खंय चल्लंस गो, दोडामार्गाक?" असं विचारलं आणि माईकने ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं.

हॉल खदखदून हसला. आम्हीही हसलो, फेर सोडून, पोट धरून. पहिल्या रांगेतला श्रीनाथ हसता हसता डोळे पुसत होता.

आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. त्या एका बक्षिसासाठी आम्ही जो आरडाओरडा केला, तो ऐकून पहिला नंबर आलेल्या बायका आमच्याकडे बघतच राहिल्या. काकीने तर परीक्षकाला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली.

परतताना टेम्पोत मी सिद्धीला म्हटलं, "एवढी तालीम करून डावीकडे कशी गं वळलीस?"

ती उठून उभी राहिली. टेम्पो खड्ड्यांतून आदळत होता, तरी तिने कशालाही धरलं नव्हतं.

"वळलंय," ती म्हणाली. "चुकलंय. पण वयनी, चुकलंय ती मीच चुकलंय!"